हातांच्या मापाची तीनचाकी

हातांनी चालवायच्या तीनचाकीकडे लोकांची नजर जाते ती तिच्यावर बसलेल्या माणसामुळे. वाटपाच्या शिबिरात मंडपाबाहेर त्या ओळीनं उभ्या असतात, तेव्हाही बोलणं आकड्यांचं चालतं: किती आल्या, कुणाकुणाला मिळाल्या. यंत्र म्हणून तिच्यापाशी थांबून पाहणारा माणूस क्वचित भेटतो. मी लहानपणापासून हिच्याच आधारानं राहाता या आमच्या गावात वावरते आहे. अलीकडे जुनी गाडी जाऊन नवी आली, आणि ती अंगाला लावून घेता घेता तिची घडण मला नव्यानं कळत गेली. ही घडण सुंदर आहे, असं माझं मत आहे, आणि ते मी दयेनं किंवा कृतज्ञतेनं देत नाही. नट सैल केला की जे भाग वरखाली होतात, मागंपुढं सरकतात, त्या जागा मला या गाडीत सगळ्यांत जास्त आवडतात.

पुढच्या चाकापासून पाहू. चाकाला धरणारा चिमटा, चिमट्याच्या वर उभा दांडा, दांड्याच्या माथ्याला छातीच्या उंचीवर क्रँक, आणि क्रँकच्या दोन्ही टोकांना पायडलच्या जागी मुठी. तिथून चेन सरळ खाली फ्रीव्हीलवर उतरते. गाडी ओढायची त्याच मुठींनी आणि वळवायचीही त्याच मुठींनी. वळताना क्रँक, चेन आणि चाक सगळं एकदम वळतं, त्यामुळे चेनला कधी पीळ बसत नाही. याचं मोल कळायला परदेशातल्या, रेलून बसून पायांनी चालवायच्या तीनचाक्या बघाव्यात. त्यांत पायडल सगळ्यांत पुढं आणि ओढणारं चाक सगळ्यांत मागं. साध्या सायकलच्या दोन-तीन चेन जोडाव्यात एवढी लांब चेन लागते, आणि ती सीटखालून न्यायला कप्प्या आणि नळ्या बसवाव्या लागतात. आपल्या गाडीत क्रँकपासून चाकापर्यंत जेमतेम दीड हाताचं अंतर आहे. चेन उतरली तर बसल्या जागेवरून वाकून चढवता येते.

ही कल्पना फार जुनी आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडोर्फ गावात सतराव्या शतकात स्टीफन फार्फलर नावाचा घड्याळजी होता. त्याला चालता येत नसे. त्यानं स्वतःसाठी तीन चाकांची गाडी केली. हातानं दांडा फिरवायचा, दातेरी चक्रांतून तो फेर पुढच्या चाकाला जायचा. दातेरी चक्रं तर त्याच्या रोजच्या धंद्यातलीच होती. बनवणारा आणि बसणारा एकच असल्यानं माप घेण्याचा प्रश्नच नव्हता. आज बनवणारा एका शहरात आणि बसणारी राहात्यात. मधलं अंतर भरून काढायचं काम गावातल्या सायकल मिस्त्रीच्या पान्याकडे येतं.

नव्या गाडीच्या मुठी सायकलच्या पायडलसारख्या समोरासमोर होत्या: एक वर, तर दुसरी खाली. कारखान्याला सायकलचे आयते क्रँक वापरता येतात, म्हणून बहुतेक गाड्या अशाच येतात. अशा क्रँकचा एक गुण आहे. एक हात ढकलत असतो तेव्हा दुसरा ओढत असतो, त्यामुळे जोर तुटत नाही. पण क्रँक चिमट्यावरच बसवलेला आहे. उजव्या हातानं ढकललं आणि डाव्यानं ओढलं की चिमटा डावीकडे वळू पाहतो, पुढच्या अर्ध्या फेऱ्यात उजवीकडे. गाडी नागमोडी जाते, आणि ती सरळ ठेवायला खांद्यांची अर्धी ताकद खर्च होते. स्पर्धेतल्या हँडसायकली बघितल्या तर तिथं दोन्ही मुठी समांतर असतात, एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात. 2004च्या अथेन्स पॅरालिम्पिकपासून या शर्यतींना पदकं आहेत. मोटारशर्यतीच्या अपघातात दोन्ही पाय गमावलेल्या इटलीच्या अॅलेक्स झनार्दीनं 2012 आणि 2016मध्ये यातच सुवर्णपदकं मिळवली. दोन्ही हात एकाच वेळी ढकलतात, म्हणून चिमट्याला कुठल्याच बाजूला ओढ बसत नाही.

आमच्या मिस्त्रीनं क्रँक उघडून पाहिला. जुन्या गाडीत कॉटर पिन होती आणि तिच्या खाचेमुळे क्रँकची जागा ठरलेली असे. नव्या गाडीच्या आसाचं टोक चौकोनी निघालं. चौकोनावर क्रँक चार दिशांनी बसू शकतो. डावा क्रँक काढून अर्धा फेरा उलटा बसवला, नट आवळला, संपलं. एका नटाचं काम, पण माझ्या लेखी गाडीतला सगळ्यांत मोठा बदल हाच. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जाऊ लागली. याची किंमतही मोजावी लागते. ढकलण्याकडून ओढण्याकडे वळताना दोन्ही हातांचा जोर एकदमच क्षणभर सुटतो, आणि थांबताना मुठी नेमक्या तिथं राहिल्या तर पुन्हा निघणं जड जातं. म्हणून थांबायच्या आधी मुठी जोर लागेल अशा जागी आणून ठेवायची सवय हातांना लागते.

मग आली दांड्याची उंची. क्रँक फार वर असेल तर दर फेऱ्याला हात खांद्याच्या वर जातात, आणि ज्यांचं सगळं चालणं खांद्यांवर आहे त्यांना खांदा दुखावून चालत नाही. फार खाली आणला तर तळाशी आलेल्या मुठी मांडीवर आपटतात. खांदा आणि मांडी यांच्यामधल्या थोड्याशा जागेत बरोबर उंची शोधायची. "ताई, अजून दोन बोटं खाली घेऊ का?" असं विचारत मिस्त्री दांडा सरकवत होता आणि मी रिकामी चेन फिरवून बघत होते. दांडा खाली आला की चेन ढिली पडते, तिची एक जोडकडी काढावी लागते. कडी काढली की चाक चिमट्याच्या खाचेत किंचित सरकवून ताण जुळवायचा. चाक सरकलं की ब्रेकचं रबर रिंगवर नीट बसत नाही. एक भाग हलवला की शेजारच्या तिघांना हाक जाते. मला यात गाडीचा कच्चेपणा दिसत नाही. सगळे भाग एकमेकांना बांधलेले आहेत आणि तरीही प्रत्येकाला थोडी मोकळीक आहे, हे कारागिराचं डोकं आहे.

हाताची पोच मात्र सरळ बसून मोजायची नाही. सरळ बसल्यावर जी पोच आरामाची वाटते, ती कोपऱ्यावर वळताना अपुरी पडते, कारण क्रँक चाकाबरोबर बाजूला जातो आणि बाहेरच्या हाताला लांब जावं लागतं. म्हणून चाक पुरतं वळवून, बाहेरच्या हाताचं कोपर तरीही जरा वाकलेलं राहतं ना, हे पाहून पाठीची जागा ठरवायची.

पाठीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पायांनी सायकल चालवणारा जोर लावताना हँडल धरून ठेवतो, उभाही राहतो. हातांनी ढकलणाऱ्याला मागं टेकायला काहीतरी लागतं, नाहीतर ढकललेला सगळा जोर आपल्यालाच मागं सारण्यात जातो. समांतर मुठींनी तर दोन्ही हातांचा पूर्ण जोर एकदम पाठीवर येतो. काटकोनात उभी पाठ असली की हा जोर फक्त कमरेवर येतो. मिस्त्रीनं पाठीच्या खालच्या बोल्टमागं वायसर घालून ती चार बोटं मागं कलवली, आणि जोर खांद्यांच्या फऱ्यांपर्यंत पसरला. रेलून बसण्याची ताकद जगाला एकदा मोठ्या झोकात दिसली होती. 1933 साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूनं शार्ल मोशेनं घडवलेल्या रेलायच्या सायकलवर तासाभरात 45 किलोमीटरहून जास्त अंतर कापलं आणि 1914पासून टिकलेला ऑस्कर एगचा विक्रम मागं टाकला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं असल्या सायकली विक्रमांतून वगळल्या. फोरला रेलण्याचा फायदा वारा कापण्यासाठी झाला. मला तो आठवडे बाजारातून भाजीची पिशवी घेऊन परतताना कमरेत कळ येत नाही, या रूपानं मिळतो.

सीट पुढं घ्यायची की मागं, हा खरा कस लावणारा प्रश्न. ओढणारं चाक पुढचं आणि माणसाचं वजन मागच्या दोन चाकांवर. सपाट डांबरावर याचं काही वाटत नाही. गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या पुलावर चढायची वेळ आली, किंवा पेरूच्या बागांकडे जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्यावर उतरलं, की पुढचं चाक हलकं पडतं आणि जागच्या जागी फिरतं. सीट पुढं घेतली तर चाकावर वजन येतं आणि पकड मिळते. पण तीन चाकं जमिनीला जिथं टेकतात त्या तीन जागांचा त्रिकोण पुढं निमुळता होत जातो. शरीर जितकं पुढं, तितकी बाजूची जागा अरुंद, आणि वेगात वळताना आतलं मागचं चाक उचलायची भीती जास्त. ब्रेक लावत वळलं तर अधिकच. चढाला जे हवं तेच उताराला नको. मी सीट मधल्या भोकापेक्षा एक भोक पुढं ठेवली आहे आणि वळताना अंग आतल्या बाजूला कलवते. साकुरीकडून येताना हायवे सोडून गावात वळायच्या जागी हे कलणं आता आपोआप होतं.

चढावरची आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. फ्रीव्हील पुढं जाताना मोकळं सुटतं, पण गाडी मागं घसरू लागली की ते अडकतं आणि मुठी उलट्या फिरू पाहतात. म्हणजे चढावर दम लागला तर मुठी घट्ट धरून ठेवल्या की गाडी जागेवर उभी राहते. दम घ्यायची ही सोय कुणी मुद्दाम केलेली नाही, पण मिळते. दाते मात्र बदलून घेतले. चाकावरचं फ्रीव्हील जास्त दात्यांचं बसवलं की वेग कमी होतो आणि हात हलका पडतो. पायांच्या मानानं हातांचं बळ मुळात कमी, त्यात आमच्या गाड्यांना गिअर नसतो. सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षाच्या बाबतीत हाच प्रश्न हाती घेतला होता. रिक्षा ओढणाऱ्याचे कष्ट कमी व्हावेत म्हणून त्यांनी गिअर बसवले, मोटारीची साथ दिली. हातांच्या तीनचाकीवरही तेवढ्याच आस्थेनं काम झालं पाहिजे.

बाकीच्या जुळणीचं थोडक्यात. तीन चाकं म्हणजे तीन वाटा. दुचाकीवाला खड्डा चुकवतो, आमचं एखादं चाक त्यात जातंच. सराटे तिन्ही टायर वेचतात. काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसात मडगार्डखाली चिखल थापला जाऊन चाक अडतं, म्हणून मडगार्ड बोटभर वर उचलून घेतले. सायकलचं चाक वळताना कलतं, तीनचाकीचं कलत नाही, त्यामुळे तारांवर आडवा ताण येतो आणि रिंगचा आउट वरचेवर काढून घ्यावा लागतो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर शेजारून जातात तेव्हा आपण किती खाली बसलो आहोत ते कळतं, म्हणून पाठीमागं उंच काठीला भगवं कापड आणि उजव्या हाताशी आरसा लावला आहे. दुकानासमोर उभं राहताना क्रँक मध्ये येतो, गल्ल्यापर्यंत हात पोचत नाही. गाडी आडवी लावायची, आणि दुकानदारानं दोन पावलं पुढं यायचं.

अपंगांसाठी साधनं बनवणारं सरकारी महामंडळ, कानपूरचं एलिम्को, 1972 साली स्थापन झालं आणि 1981पासून केंद्राच्या योजनेतून अशी साधनं दिली जातात. त्या योजनेमुळे देशभरच्या गावांतली असंख्य माणसं उंबऱ्याबाहेर पडली, हे मोठं काम आहे. पण एका मापाचा ब्लाउज सगळ्या बायकांना कुणी शिवत नाही. शिबिरात गाडीची चावी हातात पडते आणि मोजमाप तिथंच थांबतं. कित्येक गाड्या काही महिन्यांत गोठ्यात, छपराखाली पडून राहतात. कधी कारण पंक्चरचं असतं, कधी घरातल्या अडचणींचं. पण पुष्कळदा मुठी मांडीवर आपटत असतात, पाठ दुखत असते आणि हे दुरुस्त होतं हे कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून शिबिरं भरवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. मंडपात गावातला एक सायकल मिस्त्री पाने, वायसर आणि चेनच्या कड्या घेऊन दिवसभर बसवा, त्याची मजुरी खर्चात धरा. ज्याची गाडी आहे त्याला तिच्यावर बसवा, एक चढ आणि दोन वळणं घ्यायला लावा, त्याला काय खुपतं ते विचारून नट सैल करा आणि पुन्हा आवळा. पावतीवर सही त्यानंतर घ्या.