कैदखाना आणि 'बेगुनाह' हा शब्द

आमच्या पूर्णगडला कुणाच्या अंगणात रात्रीची शेरोशायरी रंगली की कफस, जिंदाँ, जंजीर, सय्याद हे शब्द हमखास येतात. पोलीस ठाण्याची पायरी ज्यांनी कधी चढलेली नाही, त्यांचीच वाहवा सर्वात मोठी असते. आम्हीही करतो. वर्गात तर हा आमचा रोजचाच व्यवसाय आहे. 'कफस म्हणजे पिंजरा, येथे अभिप्रेत अर्थ हे जग' असे फळ्यावर लिहायचे, मुलांनी ते वहीत उतरवायचे. मागे एका मुलाने विचारले, "सर, खऱ्या जेलवर कुणी लिहिलेच नाही का?" प्रश्न साधा होता, उत्तर देताना मात्र आमची तारांबळ उडाली.

लिहिले आहे, पुष्कळ लिहिले आहे. मौलाना हसरत मोहानी यांना 1908 मध्ये राजद्रोहाखाली शिक्षा झाली, तेव्हा त्यांना साध्या कैद्यासारखे वागवून नैनीच्या तुरुंगात रोज मणभर दळण दळायला लावले. 'मुशाहिदात-ए-जिंदाँ' हे त्याच अनुभवाचे पुस्तक. मौलाना आझाद 1942 पासून अहमदनगरच्या किल्ल्यात होते; 'गुबार-ए-खातिर' मधली चहाची आणि चिमण्यांची पत्रे तिथलीच. 1943 मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले, तेही त्यांना त्याच भिंतीआड कळले. मराठीत पाहिले तर साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आमच्या रत्नागिरीच्या जेलमध्येही सावरकरांच्या कोठडीचे स्मारक आहे. ही सगळी माणसे आपण आत का आहोत हे जाणून आत गेली होती, आणि बाहेर एक अख्खा देश त्यांची वाट पाहत होता. ज्याची वाट फक्त त्याची आई पाहते, अशा कैद्याचे पुस्तक आमच्या कपाटात शोधूनही सापडले नाही.

त्यातल्या त्यात जवळ येणारे पुस्तक म्हणजे अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी'. मूळ उर्दू; हिंदीतही आहे, म्हणजे उर्दू लिपी न येणाऱ्या आपल्या वाचकांचीही अडचण नाही. लेखक मुंबईतले शाळामास्तर, आमच्याच पेशाचे. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, 180 हून अधिक माणसे गेली. त्या खटल्यातल्या 13 आरोपींपैकी ते एक. सप्टेंबर 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली, आणि एकट्या शेख यांना निर्दोष सोडले. तोपर्यंत नऊ वर्षे गेली होती. उरलेल्या बारांना मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी निर्दोष ठरवले. त्यांतला एक 2021 मध्येच तुरुंगात मरण पावला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये, पण सुटलेल्यांनी पुन्हा आत जाण्याचीही गरज नाही, असा आदेश दिला. आणि त्या 180 माणसांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळाले, याचाही विचार आपल्या समाजाने करायला हवा. खोटा आरोपी पकडला जातो तेव्हा त्यांचीही फसवणूकच होते.

पुस्तक वाङ्मय म्हणून वाचायला बसलेल्याची निराशा होईल. रचना अशी नाही. लेखकाच्या हकिगतीत सहआरोपींच्या हकिगती मिसळतात, तेच पट्टे, तीच नावे, तीच दमदाटी पुन्हा पुन्हा येते. सुरुवातीला आम्हाला याचा कंटाळा आला, हे कबूल करतो. नंतर लक्षात आले की पुनरुक्ती लेखकाची नाही, पद्धतीची आहे. मोक्का या 1999 च्या कायद्याने पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालतो. साध्या कायद्यात तो चालत नाही. म्हणजे मोक्काखाली आरोपीच्या सहीला किंमत आहे, आणि जिथे सहीला किंमत तिथे ती मिळवण्यासाठी काय काय होते, ते या पुस्तकात पानोपानी आहे. शेख यांनी सही केली नाही. उच्च न्यायालयाने 2025 मध्ये इतरांचे कबुलीजबाब बाजूला ठेवले, ते छळाचा मुद्दा मान्य करून, आणि जबाबांतला मजकूर एकमेकांशी संशयास्पद जुळतो हे दाखवून. आठ वर्षे आधी आलेले पुस्तक हेच सांगत होते. कफस आणि सय्याद या शब्दांवाचून त्याचे काही अडलेले नाही. रिमांड, पंच, बराक, तारीख एवढ्या शब्दांवर ते उभे आहे, आणि उर्दू गद्याला त्याने हे शब्द दिले, हे त्याचे मोठे काम आम्ही मानतो.

तरीही आमची एक तक्रार आहे, आणि ती शीर्षकापासूनच सुरू होते. 'बेगुनाह' हा शब्द लेखकाच्या बाबतीत खरा आहे, त्यांनी तो मिळवलेला आहे. पण आपल्या समाजाने तो फार सोयीने उचलला. आपल्या अंकांतल्या कथा पाहा. जेलमध्ये गेलेला नायक नेहमी पदवीधर, नेहमी नमाजी, नेहमी खोट्या केसमधला. पाकीटमार, भुरटा चोर, दारू विकणारा, हाणामारीत सापडलेला असा माणूस नायक होत नाही. शेख यांच्या पुस्तकातही तो कडेकडेने येतो, मध्यभागी येत नाही.

जेल भरलेले आहेत ते याच लोकांनी. केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 100 जणांच्या जागेत 131 माणसे होती, आणि दर चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला संपलेला नाही असे. मुंबईच्या आर्थर रोड जेलची क्षमता अनेक वर्षे 804 धरली जात होती आणि आत तीन हजारांच्या आसपास माणसे असायची. मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेने 2011 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. तुरुंगातले आपले प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याच्या तिपटीच्या घरात होते. त्यांत दहशतवादाच्या आरोपाखालचे अगदी थोडे; बाकी चोरी, मारामारी, किरकोळ गुन्हे. काहींना तर जामीन मंजूर होऊनही ते आतच राहतात, कारण जामीनदार नसतो. काहींची तारीख पडते, पण न्यायालयात न्यायला पोलीस पार्टी मिळत नाही, आणि पुढची तारीख पडते. गर्दी अशी साचत जाते.

आपल्या सर्वात मोठ्या शायराचेच उदाहरण घेऊ. मिर्झा गालिब यांना 1847 मध्ये घरी जुगार चालवल्याबद्दल सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तीन महिन्यांनी ते सुटले. कोतवालाचे आपल्याशी वैर होते असे ते म्हणत, पण जुगाराचा नाद होता हेही खरे. कैदेत त्यांनी फारसीत कविता लिहिली. नातेवाइकांनी अंग काढून घेतले, हालींनी गालिबच्या चरित्रात हा प्रसंग जरा अवघडूनच सांगितला. एकटे नवाब मुस्तफा खाँ शेफ्ता भेटायला जात राहिले, खर्च उचलत राहिले.

शेफ्ता आम्ही दरवर्षी शिकवतो. आणि चार-पाच वर्षांपूर्वी गावातल्या एक खाला आमच्या दारात आल्या होत्या, मुलाला जामीन राहा म्हणून. पगाराची स्लिप असलेला माणूस हवा होता, आणि मोहल्ल्यात असे किती असतात? मुलाने होडीचे इंजिन चोरले होते. चोरले होतेच, त्यात वाद नव्हता. नोकरीचा प्रश्न आहे असे सांगून आम्ही त्यांना वकिलाकडे पाठवले. मुलगा सात महिने आत राहिला.

सुटून आल्यावर तो एकदा घरी आला, तेव्हा आतली झोप कशी असते ते त्याने सांगितले. नव्या माणसाची जागा संडासाच्या बाजूला. एकाचे डोके दुसऱ्याच्या पायाशी. कूस बदलायची तर शेजारच्या दोघांनीही बदलायला हवी, म्हणून रात्री कुणीतरी एक हाक मारतो आणि ओळच्या ओळ वळते. ठाण्यात मारले का, असे आम्ही विचारले. मारले, म्हणाला, पण चोरी मी केली होती ना, सर. मार आपला हक्काचाच होता अशा सुरात तो बोलत होता. आम्ही त्याला 'बेगुनाह कैदी' वाचायला दिले. आठवड्याने त्याने ते परत आणले. हे चांगल्या लोकांचे आहे, म्हणाला.

ही आमची तक्रार शेख यांच्यापुरती नाही. त्यांनी जे भोगले ते लिहिले. पण पुढचा लिहिणारा या इंजिनचोराचे पुस्तक लिहील का, आणि लिहिले तर आपले संपादक छापतील का, अशी शंका आम्हाला आहे. छापतील तेव्हा समाजाची बदनामी होते म्हणून पत्रे येतील, त्याबद्दल मात्र शंका नाही.

दरम्यान आम्ही एक केले. दहावीच्या वर्गात कफसचा धडा आला तेव्हा डी. के. बसू खटल्यातले सर्वोच्च न्यायालयाचे 1996 चे नियम फळ्यावर लिहिले. अटकेचा कागद करायचा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचे. अंगावरच्या जखमा त्याच वेळी नोंदवायच्या. कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरची तपासणी. एका मुलीने विचारले, "सर, हे बेगुनाह माणसासाठी आहे का?" अटक झालेल्या कुणासाठीही, असे आम्ही सांगितले. मग दुसऱ्याने विचारले, की हे परीक्षेला येणार का. नाही म्हणालो, तरी बहुतेकांनी वहीत उतरवून घेतले.