'भाग्यवान पेशी'च्या तक्त्याविषयी

द्रोणागिरीतल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक तक्ता पाहिला : 'एड्सला हरवणारे जनुक'. पांढऱ्या पेशीवर एक कुलूप, विषाणूच्या हातात किल्ली, आणि शेजारी कुलूपच नसलेली, हसरी 'भाग्यवान' पेशी. चित्र सुबक होते, मुलींनी मेहनतही खूप घेतली होती. असे तक्ते इतरत्रही दिसतात, म्हणून याची जरा तपशिलात चिकित्सा करू.

माहितीचा गाभा बरोबर आहे. सीसीआर-५ हा काही पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचा ग्राही रेणू. एचआयव्ही आधी सीडी-४ या रेणूला चिकटतो आणि मग बहुधा सीसीआर-५ च्या आधाराने आत शिरतो. काही माणसांत या जनुकातल्या ३२ बेसजोड्या गळालेल्या असतात, त्यामुळे रेणू पृष्ठभागावर पोचतच नाही, हे १९९६ मध्ये कळले. अशी प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तर लागण होणे फार अवघड. एकाकडूनच आली तर लागण होते, पण आजार सावकाश वाढतो. तक्त्याने हा फरक गाळला आहे. वाटाण्याच्या रोपांनंतर आनुवंशिकता शिकवायला याहून चांगले उदाहरण कुठले मिळणार!

कुलपाची उपमा मात्र आम्हाला खटकते. हा रेणू विषाणूसाठी नसतो. दाह कुठे झाला आहे, कुठे धावायचे, हे शरीराचे रासायनिक निरोप तो घेतो. त्याला टपालपेटी म्हणावे. विषाणू त्या फटीतून घुसतो, एवढेच. मग मुलेच विचारतील, पेटी काढली तर टपालाचे काय? २००६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले, की वेस्ट नाईल विषाणूने आजारी पडलेल्यांत दोन्ही प्रती सदोष असलेले लोक अपेक्षेपेक्षा बरेच जास्त होते. हा विषाणू आपल्याला परका नाही. त्याच्या प्रतिपिंडांच्या खुणा मुंबईकरांच्या रक्तात १९५२ मध्येच सापडल्या होत्या. शिवाय एचआयव्हीचे काही प्रकार सीएक्ससीआर-४ या दुसऱ्याच ग्राहीतून शिरतात. तेव्हा 'भाग्यवान' हा शब्द खोडलेला बरा.

तक्त्यावर टिमथी ब्राऊन यांचेही नाव होते. बर्लिनमध्ये २००७ साली त्यांना अशा दात्याच्या मूलपेशी दिल्या आणि एचआयव्ही नाहीसा झाला, हे खरे. पण प्रत्यारोपण रक्ताच्या कर्करोगासाठी होते, ते दुसऱ्यांदा करावे लागले, आणि त्याच कर्करोगाने ते २०२० मध्ये वारले.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच. ही सदोष प्रत उत्तर युरोपात साधारण दहांमागे एक आढळते, भारतात अगदी विरळा. द्रोणागिरीत याला फार महत्त्व आहे. शेजारी १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर, रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा, वर्गात आगरी-कोळ्यांच्या मुलांशेजारी देशभरातून आलेल्यांची मुले. (मारुतीने नेलेल्या पर्वताचा तुकडा इथे पडला, अशी आख्यायिका आहे. संजीवनीची ओढ इथल्या हवेतच असावी!) 'काही जण जन्मतःच सुरक्षित असतात' एवढेच वाचून एखादा मुलगा घरी गेला, आणि ते त्याच्या ट्रकचालक काकाने ऐकले, तर? काकाच्या उपयोगाची माहिती निरोध, रक्ततपासणी आणि औषधे ही आहे. विषाणू दाबून ठेवणारी ही औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. तक्त्यावर यातले काहीच नव्हते.