न्यायदेवतेची पट्टी : एका रूपकाचा अर्थविचार

कर्नल जेम्स फुलर यांनी योजिलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीवर (१८७८) न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. आत मात्र एका डोळ्यावर पट्टी असलेला, हाती तराजू घेतलेला वानर कोरलेला आढळतो. कारागिराची थट्टा म्हणून त्याची बोळवण केली जाते. वस्तुतः पट्टीचा मूळ अर्थ त्या वानरानेच जपला आहे.

बाझेल येथे १४९४ साली छापलेल्या सेबास्टियन ब्रांटच्या ‘मूर्खांचे जहाज’ या ग्रंथातील काष्ठचित्रात न्यायदेवतेचे डोळे बांधतो तो एक मूर्ख. तेथे पट्टी हा उपहास होय. बर्न येथील कारंज्यावरील मूर्तीत (१५४३) तीच पट्टी निःपक्षपाताचे भूषण ठरली. चिन्ह तेच राहिले, अर्थ उलटला.

मराठीत ‘न्यायदेवता आंधळी असते’ हा प्रयोग रूढ झाला, आणि तेथेच घोटाळा झाला. आंधळेपण ओढवते, पट्टी स्वेच्छेने बांधली जाते. शिवाय डोळे बांधलेली स्त्री म्हणताच येथील वाचकाला गांधारी आठवते, आणि तिची पट्टी पुत्रांचा अधर्म रोखू शकली नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयातील नव्या मूर्तीचे डोळे उघडे ठेवण्यात आले. हाती तलवारीऐवजी संविधान आले. हा बदल इष्टच. तथापि त्याने व्रत सुलभ होत नाही. न पाहता समभाव राखण्यापेक्षा दोन्ही पक्षांना पाहून तो राखणे अधिक कठीण. एकच डोळा उघडा असलेल्या वानराचा टोला नेमका तेथेच लागतो.