'आरक्षण' : एका प्रश्नाचे विस्थापन

गंभीर सामाजिक प्रश्नाला हात घालणारा हिंदी चित्रपट फसला की त्याचे खापर सामान्यतः धंदेवाईक तडजोडीवर फोडले जाते. प्रकाश झा यांच्या 'आरक्षण' (२०११) या चित्रपटाच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. वेठबिगारीवर 'दामुल'सारखा चित्रपट करणाऱ्या या दिग्दर्शकाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अपयशाचे मूळ शोधावयाचे ते कथनाच्या व्यूहात.

चित्रपटाचा आरंभ आश्वासक आहे. नोकरीच्या मुलाखतीत दीपक कुमार या दलित तरुणाच्या सामाजिक पार्श्वभूमीची उलटतपासणी होते आणि 'गुणवत्ता' ही संकल्पना किती निरागस आहे, हे प्रेक्षकास कळते. पुढे इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्के राखीव जागा वैध ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा १० एप्रिल २००८ चा निकाल येतो आणि भोपाळमधील एका खाजगी महाविद्यालयात तट पडतात. निकाल इतर मागासवर्गीयांविषयीचा आणि त्याचा कैवार घेणारे मुख्य पात्र दलित, या विसंगतीतही एक शक्यता होती. या दोन समूहांच्या इतिहासातील भेद आणि त्यांच्यातील ताण हा नाट्याचा विषय होऊ शकला असता. चित्रपटाला तो भेद जाणवतच नाही.

यानंतर जे घडते, त्यास प्रश्नाचे विस्थापन म्हणावे लागते. प्राचार्य प्रभाकर आनंद पद सोडतात. त्यांच्या जागी आलेला मिथिलेश सिंग खाजगी शिकवणीचा धंदा चालवतो. प्राचार्य तबेल्यात विनामूल्य वर्ग भरवतात. जात आणि प्रतिनिधित्व यांचा संघर्ष येथे शिक्षणाचे व्यापारीकरण आणि सात्त्विक गुरू यांच्या संघर्षात रूपांतरित होतो. शिकवण्यांचा बाजार हा प्रश्न खोटा नव्हे. परंतु त्याचे उत्तर चांगल्या माणसाच्या त्यागातून देता येते, राखीव जागांच्या प्रश्नाचे तसे देता येत नाही. पहिल्या प्रश्नात खलनायक सापडतो. दुसऱ्यात दोषी ठरते ती व्यवस्था आणि तिचा लाभ घेणारा प्रेक्षकही. मेलोड्रामाच्या आकृतिबंधाला खलनायक लागतो, म्हणून तो दुसरा प्रश्न सोडून पहिला पत्करतो.

या बदलाची किंमत दीपक हे पात्र मोजते. पूर्वार्धात वाद घालणारा, गुरूलाही जाब विचारणारा दीपक उत्तरार्धात परततो तो गुरूचा सहायक म्हणून. त्याच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले नसते. तो प्रश्नच कथानकातून निघून गेलेला असतो. शेवटी ज्यांच्या नावे महाविद्यालय आहे त्या शकुंतलाताई अवतरतात आणि न्याय होतो. हक्काची भाषा अशा रीतीने कृपेच्या भाषेत विरघळते.

मराठी वाचकास येथे जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्न' (१८५५) या नाटकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्याचाही विषय शिक्षण आणि जात हाच. तेथे शेतकरी जोडप्याला जोशाकडून होणाऱ्या फसवणुकीची यंत्रणा उमगते आणि ते स्वतः शिकावयाचे ठरवते; निर्णायक कृती पीडितांचीच राहते. शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हाही प्रश्न सत्तेतील वाट्याचा होता, गुरुकृपेचा नव्हता. दीड शतकानंतरच्या चित्रपटाने या विचाराच्या मागे जावे, हे खेदजनक आहे.

प्रदर्शनाच्या वेळी काही राज्यांनी या चित्रपटावर बंदी घातली. उत्तर प्रदेशातील बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०११ रोजी रद्द केली. ते योग्यच झाले. मात्र बंदीमुळे चित्रपटास धाडसाची जी प्रतिष्ठा लाभली, ती त्याच्या संहितेने कमावलेली नाही. ज्या विषयाचे नाव शीर्षकात मिरवावयाचे, त्याच विषयापासून मध्यंतरानंतर प्रेक्षकाला अलगद दूर न्यावयाचे, ही या चित्रपटाची खरी कृती आहे. आशय उदात्त असला तरी आकृतिबंध स्वतःचे राजकारण करीतच असतो, हे त्यातून ध्यानात घ्यावयास हवे.