गालापागोसच्या अलीकडे

उत्क्रांतीवरचा मराठी लेख वाचायला घ्यावा, तर तिसऱ्या परिच्छेदात लेखक गालापागोस बेटांवर पोहोचलेला असतो. फिंच पक्षी, त्यांच्या चोची, मध्ये समुद्र; म्हणून जाती वेगळ्या. उदाहरण खरे आहे. पण त्याने एक गैरसमज पक्का होतो, की दुरावा म्हणजे अंतर आणि ते नकाशावर मोजता येते.

मी कुठल्या महाविद्यालयात हा विषय शिकलेलो नाही. रत्नागिरीत राहून शंका आली की कुर्ल्यांकडे जावे लागते.

खाडीतली मोठी कुर्ली घ्या. तिच्या अंड्यांतून निघणारे सूक्ष्म डिंभक कित्येक दिवस समुद्रात पाण्याबरोबर वाहतात. म्हणून सायला सेराटा ही एकच जात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत आढळते. आता वहाळातला खेकडा पाहा. मादी मोजकीच, पण मोठी अंडी पोटाखाली धरते. त्यांतून थेट इवलासा खेकडा निघतो आणि काही काळ आईलाच चिकटून राहतो. वाहत दूर जाणारी अवस्थाच नाही. एकीला हजारो मैलांचा समुद्र ही वाट, तर दुसऱ्याला दोन वहाळांमधली डोंगराची सोंड हाच समुद्र. तेव्हा अडसर कुठे आहे, हे त्या जीवाच्या बाळंतपणावर ठरते! अशी दुरावलेली कुळे पुढे भेटली तरी त्यांची संतती जुळत नाही, तेव्हा जाती वेगळ्या झाल्या, असे अर्न्स्ट मायर यांनी १९४२ च्या ग्रंथात मांडले.

२०१६ साली सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती एकाच निबंधात नोंदल्या गेल्या. त्यांतली खेड तालुक्यातल्या रघुवीर घाटातली एक, गुबर्नाटोरियाना थॅकरेयी. बातम्यांत चर्चा झाली ती आडनावाची. एका डोंगररांगेत इतक्या जाती का, हा खरा प्रश्न राहून गेला. ‘नवी’ म्हणजे काल जन्मलेली नव्हे, हेही कुणी सांगितले नाही. माझी एक शंका मात्र शास्त्रज्ञांसाठीही आहे. कवचाच्या आणि नराच्या जननांगाच्या आकारावरून नाव देता येते, पण दुरावा केव्हा पडला हे त्यावरून कळत नाही. त्याला जनुकांची तुलना हवी.

हा वाद पुस्तकी नाही. आमच्याकडचे कितीतरी वहाळ सड्यावरच्या पाण्यावर चालतात, आणि सातबाऱ्यावर तो सडा पोटखराबा असतो. चिरेखाणीने वहाळ आटला, तर खाडीतल्या कुर्लीसारखी बाहेरून भर येईल, असे धरून चालता येत नाही. शेजारच्या वहाळात असेल तो कदाचित दुसराच खेकडा.