पाउलिंग यांचा 'क' जीवनसत्त्वविषयक सिद्धान्त आणि कोल्हार परिसरातील पेरू : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
मानवी शरीर 'क' जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. ते आहारातूनच मिळवावे लागते. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीने आजारी असलेल्या १२ खलाशांवर केलेल्या प्रयोगात संत्री व लिंबू यांचा गुण सिद्ध झाला. त्या गुणामागील द्रव्य मात्र १९३० च्या दशकात ओळखले गेले आणि त्यासंबंधीच्या संशोधनाबद्दल सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे या द्रव्याची जी ख्याती झाली, ती मुख्यतः लायनस पाउलिंग यांच्या १९७० मधील 'व्हिटॅमिन सी अँड द कॉमन कोल्ड' या ग्रंथामुळे. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील प्रतिपादनाची चिकित्सा करून त्याचा कोल्हार परिसराच्या आहाराशी असलेला संबंध तपासला आहे.

पाउलिंग यांचे प्रतिपादन व त्याच्या मर्यादा :
रसायनशास्त्र आणि शांतता अशी दोन नोबेल पारितोषिके मिळविणाऱ्या पाउलिंग यांनी, रोज एक ग्रॅम किंवा त्याहून अधिक 'क' जीवनसत्त्व घेतल्यास सर्दी टळते, असे मांडले. मानवाच्या पूर्वजांचा वनस्पतिजन्य आहार या द्रव्याने समृद्ध होता, हा त्यांचा एक आधार होता. हा तर्क आकर्षक असला तरी तो पुरावा ठरत नाही. त्यांचा दुसरा आधार १९६१ मधील स्विस अभ्यासाचा होता. तो बर्फावर घसरण्याचा खेळ शिकणाऱ्या २७९ मुलांवर झाला होता. कडाक्याची थंडी व तीव्र श्रम या परिस्थितीतील निष्कर्ष त्यांनी सर्वसामान्य माणसाला लागू केला. ग्रंथाची खरी उणीव येथे आहे.

२०१३ मधील कॉक्रेन आढाव्याने ही उणीव स्पष्ट केली. नियमित सेवनाने सर्वसामान्य लोकांत सर्दीचे प्रमाण घटत नाही. आजाराचा कालावधी मात्र प्रौढांत सुमारे ८ टक्के व मुलांत सुमारे १४ टक्के कमी होतो. मॅरेथॉन धावपटू, बर्फावरील खेळाडू व सैनिक यांच्यात मात्र सर्दीची शक्यता निम्म्यावर आली. सर्दी झाल्यानंतर गोळ्या सुरू केल्यास सातत्याने लाभ दिसला नाही. शरीराची शोषणक्षमताही मर्यादित आहे. एका वेळी सुमारे २०० मिलिग्रॅम जवळजवळ पूर्ण शोषले जातात. एक ग्रॅमपेक्षा अधिक मात्रेत निम्म्याहून कमी शोषण होते व शोषलेल्यातील जादा भाग मूत्रावाटे बाहेर पडतो. अतिसेवनाने जुलाब होतात आणि काही व्यक्तींत मूतखड्याचा धोका वाढतो.

स्थानिक संदर्भ :
कोल्हार हे राहाता तालुक्यातील, प्रवरा नदीकाठचे व नगर-मनमाड महामार्गावरील गाव. राहाता परिसर पेरूच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात लोकप्रिय असलेले 'सरदार' अर्थात लखनौ-४९ हे वाण पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात निवडले गेले. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक 'क' जीवनसत्त्व असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात आवळ्याचा आकडा पूर्वीच्या ६०० वरून सुमारे २५० वर आला. पेरूचा आकडा मात्र जवळपास तसाच राहिला. २०२० च्या भारतीय शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास रोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम पुरतात. म्हणजेच एक लहान पेरू दिवसाच्या गरजेस पुरेसा आहे.

खरा प्रश्न सर्दीचा नसून रक्तक्षयाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. बाजरीची भाकरी, डाळी व पालेभाज्या यांतील लोह सहजासहजी शोषले जात नाही. 'क' जीवनसत्त्व त्याचे शोषणयोग्य रूपात परिवर्तन करते. जेवणानंतरचा चहा नेमके उलट कार्य करतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सहभागाने २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भाताच्या जेवणासोबत १०० ग्रॅम पेरू दिल्यावर किशोरवयीनांतील लोहाचे शोषण सुमारे दुप्पट झाले. असे असूनही पेरू खाल्ल्याने खोकला होतो, या समजापायी तो हिवाळ्यात मुलांना नाकारला जातो आणि सर्दी झाली की त्याच घरात 'क' जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी विकत आणली जाते. हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

अर्थात, पेरू हा लोहाच्या गोळ्यांना पर्याय नव्हे. रक्तक्षयास जंतविकार, अतिरिक्त रक्तस्राव, इतर जीवनसत्त्वांची कमतरता अशीही कारणे असतात. तेव्हा एका अतिशयोक्तीच्या जागी दुसरी प्रस्थापित करणे योग्य होणार नाही.

निष्कर्ष :
पाउलिंग यांनी आहारघटकांकडे जगाचे लक्ष वेधले, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. तथापि अधिक मात्रा म्हणजे अधिक आरोग्य, हे त्यांचे समीकरण टिकलेले नाही. मात्रेपेक्षा वेळ व सोबतचे अन्न महत्त्वाचे ठरते. हे जीवनसत्त्व उष्णतेने व हवेच्या संपर्काने नष्ट होत असल्याने पेरू ताजा, कच्च्या स्वरूपात व जेवणासोबत खाणे इष्ट होय. ज्या परिसरात हे फळ पिकते, तेथील किशोरवयीन मुली व माता यांच्या ताटात ते पोहोचावे, यासाठी महाविद्यालयांतील गृहविज्ञान विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांनी पुढाकार घेणे आवश्यक आहे.