प्रश्न न विचारणारी तबकडी

शाळेच्या संगणक-कक्षातल्या वीस यंत्रांवर प्रणाली नव्याने बसवण्याची वेळ ज्या शिक्षकांवर आली असेल, त्यांना त्यातला कंटाळा वेगळा सांगायला नको. भाषा कोणती, कळफलक कोणता, पासवर्ड काय? तेच प्रश्न वीस वेळा आणि तीच उत्तरे वीस वेळा. बाराव्या यंत्रापाशी कुठेतरी हात चुकतो आणि ते यंत्र वर्षभर इतरांपेक्षा वेगळे वागत राहते.

डेबियन या मुक्त प्रणालीने यावर दिलेला उपाय म्हणजे ‘प्रीसीड’, म्हणजे उत्तरे आधीच पेरून ठेवणे. २००५ साली डेबियन ३.१ बरोबर आलेल्या नव्या इन्स्टॉलरमध्ये प्रत्येक प्रश्नाला एक नाव आहे. साध्या मजकुराच्या फाइलीत एकेका ओळीवर प्रश्न कोणाचा, त्याचे नाव, उत्तराचा प्रकार आणि उत्तर एवढे लिहायचे. मग ‘नेटइन्स्ट’ ही छोटी तबकडी-प्रतिमा उलगडून तिच्यात ही फाइल ठेवायची, सुरुवातीच्या मेनूत तिचा पत्ता द्यायचा, फाइलींच्या पडताळणी-अंकांची यादी नव्याने काढायची आणि ‘झोरिसो’ या आज्ञावलीने तबकडी पुन्हा बांधायची. झाले!

या पद्धतीचा पहिला गुण विज्ञानाच्या शिक्षकांना चटकन पटेल. ही फाइल म्हणजे प्रयोगवहीच असते. काय केले ते तिच्यात लिहिलेले असते, त्यामुळे दुसरा कोणीही तोच प्रयोग तसाच करून पाहू शकतो. दुसरा गुण काटकसरीचा. पायाभूत प्रणालीवर नेमकी कोणती पॅकेजे हवीत ते आपण ठरवतो आणि बाकीचे ओझे टळते. मात्र तबकडी छोटी म्हणून काम छोटे होते असे नाही. पायापलीकडचे सारे जाळ्यावरून उतरते आणि वीस यंत्रे तीच पॅकेजे वीस वेळा मागतात. जोडणी मंद असेल तर ही काटकसर महागात पडते.

आता दोष पाहू. प्रश्नाच्या नावात एक अक्षर चुकले, तर इन्स्टॉलर तक्रार करत नाही. ती ओळ नुसती पडून राहते. स्वयंचलित बसवणीत प्रश्नांचा अग्रक्रम ‘क्रिटिकल’वर ठेवण्याची रीत आहे, म्हणजे अत्यावश्यक तेवढेच विचारले जाते आणि बाकीच्यांना मूळची उत्तरे लागू होतात. त्यामुळे आपली चूक आपल्याला कळतच नाही. फाइल तपासण्याची सोय आहे, पण ती ओळींची मांडणी तपासते. अशा नावाचा प्रश्न खरोखर आहे का, हे पाहत नाही. रेड हॅटच्या ‘किकस्टार्ट’ पद्धतीत अनोळखी आज्ञा दिसली की काम चुकीच्या संदेशासह थांबते. या बाबतीत ती पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. पासवर्डचेही तसेच. तो सांकेतिक रूपात देता येतो, पण उघडा लिहायलाही मज्जाव नाही आणि तबकडी हाती पडेल तो फाइल वाचू शकतो.

पण सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे. ‘वेळ भारताची’ आणि ‘डिस्कवरचे सारे पुसून टाक’ ही दोन उत्तरे या फाइलीत सारख्याच थाटात, एकेका ओळीत बसतात. पहिले चुकले तर दुरुस्त होते, दुसरे होत नाही. हा फरक मी किंमत मोजून शिकलो. आमच्या प्रयोगशाळेत मी अशी तबकडी बनवली आणि मेनू क्षणभरच थांबेल असे केले. काम झाल्यावर ती एका यंत्रातच राहिली. रात्री वीज गेली आणि परत आली. यंत्र आधी तबकडीवरून सुरू होणारे होते, ते तसेच सुरू झाले. सकाळी प्रणाली नवी कोरी होती आणि एका विद्यार्थिनीची अकरा दिवसांची मोजमापे गेली होती. तबकडीने अगदी सांगितल्याप्रमाणेच केले होते. चूक माझी होती, कारण तिला विचारण्याची एकमेव संधी मीच काढून घेतली होती.

म्हणून माझे मत असे : पद्धत उत्तम आहे, शाळांनी जरूर वापरावी, पण डिस्कवर बदल लिहिण्याआधीच्या पुष्टीची उत्तरे फाइलीत देऊच नयेत. ती नसली की ‘क्रिटिकल’ अग्रक्रमातही इन्स्टॉलर तिथे थांबतो आणि विचारतो. वीस यंत्रांपाशी वीस वेळा ‘होय’ म्हणायला काही मिनिटे लागतील. तेवढ्यात समोरच्या यंत्रावर कोणाचे काय आहे, हे आठवायला वेळ मिळतो.

विद्यार्थ्यांना ही फाइल जरूर लिहायला सांगा. मात्र आधी एक प्रश्न विचारा : यातली कोणती ओळ यंत्रावर सोपवायची नाही? त्याचे उत्तर ज्याला देता येईल, त्याला स्वयंचलन समजले असे मी म्हणेन.